एजबँड पट्टीच्या कतरणीसाठी पावण्याचं रिसायकलिंग युनिट: ११ महिन्यांचा अनुभव

आमचं नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत मॉड्युलर फर्निचरचं वर्कशॉप आहे, किचन, वॉर्डरोब, ऑफिसची टेबलं असं सगळं, बाबांनी सुतारकामापासून सुरू केलं आणि आता मी आणि भाऊ बघतो. गेले ११ महिने आमच्या एजबँडिंग मशीनमधून निघणारा प्लास्टिकचा कचरा पावणे इथल्या ह्या रिसायकलिंग युनिटला जातो. आजूबाजूच्या बऱ्याच वर्कशॉपवाल्यांनी फोन करून विचारलं की खरंच घेतात का, पैसे देतात का, की नुसतं सर्टिफिकेट देऊन मोकळे होतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. लांब झालंय, पण ज्यांच्याकडे एजबँडर आहे त्यांनी पूर्ण वाचा.

ज्यांचा ह्या लाइनशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. बोर्डाच्या कडेला जी रंगीत पट्टी चिकटवलेली दिसते ती एजबँड, आणि ती चिकटवणारं मशीन म्हणजे एजबँडर. ही पट्टी प्लास्टिकची, बहुतेक वेळा पीव्हीसीची असते, काही ठिकाणी एबीएसची, क्वचित पीपी नाहीतर अ‍ॅक्रिलिकची. बोर्ड असतो १८ एमएमचा आणि पट्टी २२ची, म्हणजे वर-खाली २-२ एमएम बाहेर राहते आणि ती मशीन तासून टाकतं. पुढेमागेही पट्टी थोडी जास्त सोडावी लागते, ती एंड कटरवर तुटते. मग कड गुळगुळीत करणारं पातं, म्हणजे स्क्रेपर फिरतो, त्यातून केसासारखे लांब तंतू निघतात आणि मशीनखाली त्याचा गुंताच गुंता होतो. २२ मधले ४ म्हणजे १८ टक्के पट्टी, जी आपण पैसे मोजून आणतो, ती सरळ पोत्यात. मी ह्याचा हिशोब कधी मांडलाच नव्हता. ०.८ एमएमची पट्टी धरली तर मीटरमागे साधारण साडेचार ग्रॅम नुसते तासण्यात जातात, आमची रोज हजार मीटर पट्टी लागते म्हणजे साडेचार किलो, वर एंडचे तुकडे, शटरला, म्हणजे कपाटाच्या दाराला, २ एमएमची पट्टी लागते त्याचा कचरा अजून जाड, असं करत महिन्याला २०० किलोच्या घरात जातं. आणि आमचं वर्कशॉप काही मोठं नाहीये, एकच मशीन आहे. रबाळे, महापे, पावणे, तुर्भे, तिकडे वागळे इस्टेट, सगळीकडे किती एजबँडर चालू असतील विचार करा.

पूर्वी आमचा हा माल भुशाबरोबर एकाच पोत्यात भरला जायचा आणि एक भंगारवाला येऊन फुकट घेऊन जायचा, आम्हाला वाटायचं चला, जागा रिकामी झाली. मागच्या वर्षी एका संध्याकाळी मी आणि भाऊ साइटवरून परत येत होतो, खाडीच्या बाजूच्या एका मोकळ्या प्लॉटवर काळा धूर दिसला आणि वास असा की गाडीच्या काचा बंद असूनही घसा धरला. भाऊ म्हणाला थांब जरा. खाली उतरून बघितलं तर अर्धवट जळालेली पोती, त्यातून बाहेर आलेली वेंगे म्हणजे गडद चॉकलेटी रंगाची पट्टी, आणि एका पोत्यावर आमच्या हेल्परने मार्करने लिहिलेला जॉब नंबर. आमचीच पोती होती ती. शेजारी झोपड्या आहेत, दोन लहान पोरं तिथेच बाहेर टायर फिरवत होती. मला त्या रात्री झोप लागली नाही, खरं सांगते.

नंतर वाचल्यावर अजूनच कसंतरी झालं. शुद्ध पीव्हीसीमध्ये वजनाच्या जवळपास ५७ टक्के क्लोरीन असतो, ते पेटवलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो जो ओलाव्याला लागला की अ‍ॅसिड होतो, घशात नाकात तेच झोंबतं, आणि असं उघड्यावर धुमसत जळलं की डायऑक्सिन नावाची विषारी रसायनंही तयार होतात. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातलीये, साधं जाळलं तर ५,००० आणि मोठ्या प्रमाणात जाळलं तर २५,००० रुपये दंड. पण दंड त्या भंगारवाल्याला बसेल नाहीतर नाही बसणार, पोत्यावर नंबर आमचा होता. दुसऱ्या दिवसापासून त्याला माल देणं बंद केलं आणि शोधाशोध सुरू झाली.

शोधायला तीन महिने लागले. बाटल्या, पॅकिंगची पन्नी, क्रेट ह्यांचे रिसायकलर खूप आहेत, पण एजबँडची कतरण म्हटलं की नको म्हणतात, कारण लाकडाची धूळ, गोंद आणि दोन-तीन जातीचं प्लास्टिक एकत्र. मुंबईकडचे जुने लोक धारावीच्या तेरा कंपाऊंडचं नाव सांगायचे, पण एवढ्या लांब दर महिन्याला टेम्पो पाठवणं परवडणारं नव्हतं. शेवटी आमच्या हार्डवेअरवाल्या काकांनी ह्या युनिटचा नंबर दिला.

पहिल्यांदा गेले तेव्हा एक पोतं सॅम्पल म्हणून नेलं होतं. वाटलं होतं वजन करतील, रेट सांगतील, विषय संपला. तिथल्या सुपरवायझर दादांनी पोतं उघडून मूठभर माल ताडपत्रीवर पसरला आणि एक तांब्याची तार काढली. तार बर्नरवर लाल होईपर्यंत तापवली, एका पांढऱ्या पट्टीला टेकवली, परत ज्योतीत धरली, तर ज्योत एकदम हिरवीगार. "ताई, हे पीव्हीसी. क्लोरीन आहे म्हणून हिरवं दिसतं." मग दुसरी पांढरी पट्टी, तसंच केलं, ज्योत पिवळीच राहिली आणि काजळी उडाली, ती एबीएस. दिसायला दोन्ही पट्ट्या सेम टू सेम, मी एवढी वर्षं ह्या धंद्यात आहे, मला हातात घेऊन फरक सांगता आला नसता. मग दोन बादल्या दाखवल्या, एकात साधं पाणी, एकात मीठ घातलेलं घट्ट पाणी. साध्या पाण्यात पीपी वर तरंगतं आणि बाकीची दोन्ही बुडतात, तेच मिठाच्या पाण्यात टाकलं की एबीएस वर येतं आणि पीव्हीसी तळाला जाऊन बसतं, कारण पीव्हीसीची घनता १.४ च्या आसपास आणि एबीएसची १.०५ च्या.

एवढा खटाटोप कशाला ते पण त्यांनी नीट समजावलं, मी विचारलं नव्हतं तरी. पीव्हीसी साधारण १६० ते १९० डिग्रीला चालवतात, एबीएसला २०० च्या पुढे जावं लागतं. एबीएसच्या मालात पीव्हीसी गेलं तर त्या तापमानाला ते जळतं, अ‍ॅसिड सुटतं आणि मशीनचा स्क्रू आणि बॅरल खाऊन टाकतं. उलट पीव्हीसीत एबीएस गेलं तरी माल खराब निघू शकतो. कोपऱ्यात एक नारळाएवढा तपकिरी गट्टा पडला होता, तो उचलून माझ्या हातात दिला, चांगलाच जड, आणि वास अजून येत होता. कुणाच्यातरी पोत्यातून मिक्स माल आला, मशीन बंद पडलं आणि दोन दिवस साफ करण्यात गेले, त्याचा तो गट्टा. तेव्हा मला कळलं की खरं काम आमच्याच मशीनपाशी व्हायला हवं, पोतं एकदा बांधलं गेलं की ह्यांच्या हातात फार काही उरत नाही.

त्यांचं काम बघायला मिळतं, कुणी अडवत नाही, हे मला फार आवडलं. आधी चार-पाच मावशी टेबलावर हाताने निवडतात, स्टेपल पिना, स्क्रू, कागद बाजूला. मग माल हवेच्या झोतातून जातो, आपण सुपात पाखडतो ना तसंच, भुसा उडून जातो आणि पट्टी खाली पडते. मग लोहचुंबक, कारण एक स्क्रू जरी ग्राइंडरमध्ये गेला तरी पात्यांचा सत्यानाश. मग ग्राइंडर, पीव्हीसी असेल तर पुढे पल्व्हरायझरमध्ये पावडर होते, एबीएस असेल तर आधी वाळवून, कारण ते हवेतला ओलावा ओढतं, ८० डिग्रीला दोन-चार तास ठेवतात, आणि मग जाळीतून गाळून दाणा काढतात. आवाज भयंकर आहे, पण सगळ्यांच्या कानाला इअरमफ आणि तोंडाला मास्क होते, आणि मी दोनदा न सांगता गेलेय तेव्हाही होते.

आता आमच्याकडे काय बदलावं लागलं ते सांगते. त्यांनी एक माणूस आमचं मशीन बघायला पाठवला, त्याचे पैसे घेतले नाहीत. आमची सगळी सक्शन एकाच धूळ कलेक्टरला जोडलेली होती, बोर्ड कापायच्या पॅनल सॉचा भुसा आणि एजबँडरची कतरण एकत्र. आम्ही एजबँडरची लाइन वेगळी केली आणि एंड कटरखाली पत्र्याचा ट्रे लावला, वेल्डरकडून एका दिवसात झालं. चार ड्रम ठेवले, पांढरं पीव्हीसी, रंगीत पीव्हीसी, एबीएस आणि "माहीत नाही". पांढरं वेगळं ठेवलं की रेट जास्त मिळतो कारण ते कुठल्याही रंगात जातं, रंगीत एकत्र झालं की शेवटी करडं नाहीतर काळंच होतं. पट्टीच्या रोलवर आत लेबल असतं त्यावर मटेरियल लिहिलेलं असतं, आमच्या मशीनवरच्या पोराने स्वतःच्या डोक्याने आयडिया काढली, नवीन रोल लावला की लेबल फाडून ड्रमवर चिकटवायचं. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, त्याचं कौतुक करायलाच हवं.

तरी पहिल्या महिन्यात सात पोत्यांतली दोन परत आली. एकात गोंदाचे मोठे गोळे होते. साधा ईव्हीए हॉटमेल्ट, म्हणजे वितळवून लावायचा गोंद, थोडा चिकटलेला असेल तर चालतो, पण गोंदाचं भांडं साफ करताना निघणारे गोळे नाही चालत. दुसऱ्यात पीयूआर गोंदाची कतरण होती, एका किचनला पाण्याचा त्रास होऊ नये म्हणून आम्ही पीयूआर वापरला होता, आणि तो एकदा पक्का झाला की परत वितळतच नाही, जाळीत जाऊन बसतो. राग आला तेव्हा, टेम्पोचं भाडं वाया गेलं होतं, पण चूक आमची होती आणि त्यांनी फोटो काढून नेमकं कुठे काय सापडलं ते पाठवलं. तिसऱ्या महिन्यापासून एकही पोतं परत आलेलं नाही.

पैशाचं सगळे विचारतात. रेट मी लिहीत नाही कारण व्हर्जिन म्हणजे नव्या कोऱ्या प्लास्टिकचा भाव हलला की ह्यांचाही हलतो, ज्या दिवशी देणार त्या दिवशी फोन करून विचारा. एवढं सांगते की टेम्पोचा खर्च निघून वर थोडं उरतं, त्यात आमचे दर महिन्याचे चहापाण्याचे पैसे निघतात, ह्याच्या पुढे कमाईची अपेक्षा ठेवू नका. बिल रीतसर मिळतं, प्लास्टिकच्या भंगाराचा एचएसएन कोड ३९१५ टाकून, वजनकाटा तुमच्यासमोर, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कन्सेंट, म्हणजे युनिट चालवायची परवानगी, ऑफिसच्या भिंतीवर लावलेलं आहे, मी त्याची तारीख बघून घेतली, तुम्ही कुठल्याही रिसायकलरकडे गेलात तरी हे बघाच.

खरा फायदा दुसरीकडेच झाला. दर महिन्याला वजनाची पावती यायला लागली तेव्हा आकडा डोळ्यासमोर आला आणि भावाने विचारलं की १६ एमएमच्या बोर्डालाही आपण २२चीच पट्टी का लावतोय? म्हणजे २२ मधले ६ एमएम तासून फेकत होतो, २७ टक्के! सवयीने, एकच साइज स्टॉकमध्ये ठेवायची म्हणून. आता १६ साठी १९ची पट्टी वेगळी मागवतो. एंडला सोडायची लांबीही मशीनमध्ये सेटिंग करून कमी केली. गेल्या चार महिन्यांत आमचं काम तेवढंच आहे आणि पोती कमी झालीत, ह्याचा मला रिसायकलिंगपेक्षाही जास्त आनंद होतो.

आपला माल जातो कुठे हे मी खोदून खोदून विचारलं. पीव्हीसीची पावडर वायरिंगचा काळा कंड्युट पाइप आणि भिंतीवरच्या वायरी झाकायची केसिंग कॅपिंगची पट्टी बनवणाऱ्यांकडे जाते. पिण्याच्या पाण्याच्या पाइपात जात नाही ना, हे मी तीनदा विचारलं, कारण जुन्या पीव्हीसीत शिशाचे स्टॅबिलायझर असू शकतात आणि पीव्हीसी पाइपांतून शिसं काढण्यासाठी २०२१ साली केंद्राने वेगळे नियमच केलेत. त्यांनी डिस्पॅचचं रजिस्टर उघडून दाखवलं, सगळा माल इलेक्ट्रिकलवाल्यांकडे. एबीएसच्या दाण्यापासून ते शेजारच्याच गाळ्यात मोल्डिंग करून पाचरी बनवून घेतात. फिटिंगला कॅबिनेट लेव्हल करायला आपण पाचर मारतो ना, प्लायचा तुकडा तासून, तीच, पण प्लास्टिकची, करड्या रंगाची, नीट बघितलं तर त्यात पांढरे आणि चॉकलेटी ठिपके दिसतात. मी एक पाकीट आणलं. आमचे फिटर मिस्त्री आधी हातात घ्यायलाच तयार नव्हते, आता सिंकखालच्या कॅबिनेटला तीच मागतात, कारण प्लायची पाचर ओलाव्याने फुगते, कुजते, ही तशीच राहते. बाबांनी एक पाचर उचलून खिडकीपाशी नेली, बराच वेळ उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "हा आपल्या त्या सानपाड्याच्या शटरचा पांढरा दिसतोय." खरंच तोच असेल की नाही देव जाणे, पण त्यांना असं बोलताना बघून मला भरून आलं.

आता ज्या गोष्टी पटल्या नाहीत त्या. माल १५० किलोच्या खाली असेल तर पिकअपची गाडी येत नाही. आमचं कसंबसं जमतं पण घरगुती कामं करणाऱ्या छोट्या वर्कशॉपला एवढं साठवायला जागा कुठे आहे, तो बिचारा परत भंगारवाल्यालाच देणार. मग आम्ही आमच्या गल्लीतले तिघं मिळून एकच दिवस ठरवतो, प्रत्येकाची पोती वेगळ्या रंगाच्या सुतळीने बांधतो म्हणजे कुणाचा माल खराब निघाला तर भांडण नको. पावसाळ्यात तर त्यांचा फार त्रास झाला. जुलैमध्ये दोनदा गाडी येते म्हणून सांगितलं आणि आली नाही, महापे सर्कलला पाणी आणि ट्रॅफिक हे मला मान्य आहे पण एक फोन करायला काय हरकत होती, आमची पोती दिवसभर शेडच्या बाहेर काढून ठेवलेली, भिजली. आणि मग भिजली म्हणून वजनात कपात केली! त्यावर माझं आणि त्यांच्या ऑफिसचं बरंच वाजलं. मालकांनी नंतर स्वतः फोन करून अर्धी कपात परत दिली आणि आता आदल्या संध्याकाळी मेसेज येतो. पण हे मला भांडून मिळवावं लागलं.

अजून एक खंत आहे, ती ह्यांच्यावर नाही. स्क्रेपर आणि पॉलिश करणाऱ्या बफची एकदम बारीक धूळ, ज्यात एमडीएफ बोर्डाचा भुसा आणि प्लास्टिक पिठासारखं मिसळलेलं असतं, ती हे पण घेत नाहीत, पाखडूनही वेगळी होत नाही. महिन्याला एक-दीड पोतं अजूनही आमच्याकडून साध्या कचऱ्यात जातं. अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीचंही तेच. ज्याला कुणाला नवी मुंबईत ह्याचा उपाय माहीत असेल त्याने कृपा करून सांगा, मी स्वतः टेम्पो घेऊन येईन.

काही जण म्हणतात की सरकारने अजून आपल्या मागे कुणी लावलं नाही मग कशाला एवढं. २०२२ मध्ये जे ईपीआरचं, म्हणजे कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारं, आलं ते प्लास्टिक पॅकेजिंगसाठी आहे, आपली कतरण त्यात बसत नाही, हे खरं. पण २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाच्या नियमांत ज्याच्याकडे कचरा तयार होतो त्यानेच तो कमी करायचा आणि वेगळा ठेवायचा हे आधीपासून आहेच. आणि आता ऑफिस फर्निचरच्या मोठ्या ऑर्डर देणारे क्लायंट पण विचारायला लागलेत की वेस्टचं काय करता. गेल्या महिन्यात ऐरोलीच्या एका ऑफिसच्या आर्किटेक्ट मॅडमना मी वजनाच्या पावत्यांची फाइलच पुढे ठेवली, त्यांनी फोटो काढून घेतले.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो पावसाळ्यातल्या पिकअपचा आणि १५० किलोच्या अटीचा. ५० किलोपर्यंत आणून टाकायची सोय त्यांनी गेटवर करावी, मी मालकांना दोनदा बोललेय, ते म्हणतात दिवाळीनंतर बघू. जाणार असाल तर पहिल्यांदा स्वतः जा, सॅम्पल घेऊन, सकाळी ११ च्या आत, तेव्हा सुपरवायझर दादा मोकळे असतात आणि तारेची टेस्ट करून दाखवतात, आणि जाताना तुमच्या मशीनवर जो पोरगा उभा राहतो त्याला सोबत न्या.